तारबाबूंचा तक्ता

खोली भाड्यानं मागायला मी आणि आई प्रताप नगरात गेलो तेव्हा त्या भागात घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. त्याआधी चार ठिकाणी आमचं आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं कळलं होतं. या पाचव्या घरमालकांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी काय कमावते तेही विचारलं नाही. फाटकाशी उभे राहून त्यांनी एकच प्रश्न केला, "टायपिंग येते का?"

मी म्हटलं, येतं, सरकारी कचेरीत तेच करते.

"स्टेन्सिल कापता येते?"

तेही येतं म्हटल्यावर त्यांनी किल्ली हातात ठेवली. आई रिक्षात म्हणाली, माणूस देवासारखा आहे. पुढची बारा वर्षं दर रविवारी मी आईला या वाक्याची आठवण करून देत असे.

ते तारखात्यातून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, आणि बोलताना उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर टकटक वाजत राहायची. वर्षानुवर्षं तारयंत्र वाजवलेला हात होता तो. त्यांच्या पत्नी, काकू, सांगायच्या की हे झोपेतही वाजवतात, आणि मला ती तार वाचता येत नाही हे बरंच आहे.

नोकरीत असताना त्यांना एक गोष्ट खुपत आली होती. संत्र्याच्या हंगामात दिल्ली-कलकत्त्याहून भावाच्या तारा यायच्या. तार ज्याची, त्याला बहुधा वाचता यायची नाही. तो ती चहाच्या टपरीवर कोणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि अर्ध्या तासात त्याचा भाव साऱ्या बाजाराचा व्हायचा. तारबाबू म्हणायचे, "तार म्हणजे दवंडी. फक्त पैसे देऊन पिटवलेली." म्हणून त्यांनी एक तक्ता तयार केला होता.

तो तक्ता मला अजून पाठ आहे. इच्छा नसताना पाठ आहे. पाठवणारा आणि घेणारा यांनी आपसात एक वाक्य ठरवायचं, ती त्यांची किल्ली. तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला. ज्या तारखेला तार करायची, वाक्यातलं तितक्या क्रमांकाचं अक्षर आणि त्याच्या पुढचं अक्षर घ्यायचं, त्यांचे आकडे काढायचे आणि भावाच्या आकड्यांत मिळवायचे. भाव त्रेचाळीस असेल आणि किल्लीचे आकडे आठ आणि सहा निघाले, तर चार नि आठ बारा. त्यातले दोन ठेवायचे, हातचा सोडून द्यायचा. तीन नि सहा नऊ. म्हणजे तारेत जाणार दोन आणि नऊ. तेही आकड्यांत नाही, कारण आकडे तारेत चुकतात. प्रत्येक आकड्याला एक शब्द होता: खलबत्ता, जांभूळ, पतंग, सतरंजी असे दहा. तार जायची ती ‘पतंग सतरंजी’ अशी. घेणारा आपल्या किल्लीनं वजाबाकी करून भाव काढायचा. टपरीवरच्यांनी खुशाल वाचावी.

हे सगळं त्यांनी स्टेन्सिलवरून सायक्लोस्टाइल प्रती काढून मागेल त्याला फुकट दिलं. एका अडत्याला तर त्याच्या कट्टर वैऱ्यासमोरच दिलं, दोघांना एकेक प्रत. अडत्या म्हणाला, अहो, त्याच्याकडेही हेच असेल तर माझं गुपित कसं राहील? तारबाबूंना या प्रश्नाचा फार संताप यायचा. ते म्हणायचे, कुलूप कसं बनते हे जगाले माहीत आहे, म्हणून तुमच्या घरात चोर शिरते का? जे कुलूप कोणाले दाखवता येत नाही ते कुलूपच नाही. कोणीतरी चांगल्या बांधणीचं पुस्तक छापून देतो म्हणाला, अट एवढीच की फक्त त्याच्या ओळखीतल्यांना मिळावं. तारबाबूंनी त्याला चहा पाजला आणि मग त्याचं बोलणं शब्द न शब्द फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

कारण त्यांच्या स्वतःच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्यांच्या गुपितांसाठी जीव टाकणारा हा माणूस आपली आलेली पत्रं फाटकाशी मोठ्यानं वाचायचा. मूळव्याधीचं औषध लागू पडलं की नाही हे शेजाऱ्यांना ठाऊक असायचं. मला पाहायला आलेल्या मुलाकडून नकाराचं कार्ड त्यांच्या हाती आलं, हे मला आईच्या आधी दूधवाल्याकडून कळलं. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. त्यांना मी का चिडले तेच कळेना. "तू किल्ली कुठं दिली होती मले?" ते म्हणाले. "लपवायचं होतं तर सांगायचं ना वं."

आणि तक्ता एकदा देऊन संपला असता तर ठीक. तो कधी संपतच नसे. ‘पाटा’ हा शब्द तारेत ‘फाटा’ होतो, म्हणून दुरुस्ती. कुणाला ळ आणि ल यांत गोंधळ होतो, म्हणून दुरुस्ती. दर दुरुस्तीला क्रमांक, दर क्रमांकाला नवी स्टेन्सिल, आणि स्टेन्सिल कापणार मी. एखाद्या अक्षराचा डाग दिसला की सबंध पान परत. मी म्हणायचे, काका, वाचता येतंय. ते म्हणायचे, तुले येते, तुले माहीत आहे तिथं काय आहे ते.

तक्ता वापरणाऱ्यांपैकी एकानंही कधी बरं झालं असं पत्र लिहिलं नाही. पत्रं यायची ती तक्रारींची. जरीपटक्याचा एक कापडवाला तर स्वतः आला आणि अंगणातच सुरू झाला की आपका तख्ता बेकार है, मेरा भाव सबको मालूम पड़ता है. तारबाबूंनी शांतपणे विचारलं, किल्ली काय ठेवली होती? हे विचारायचं नसतं, पण त्यांचा इलाज नव्हता. त्यानं ठेवलं होतं आपल्या दुकानाचं नाव, पाटीवर होतं तसंच. तारबाबू त्याला तासभर बोलले. तो गेला आणि पुढच्या महिन्यात त्यानं किल्ली म्हणून धाकट्या मुलाचं नाव ठेवलं.

तारबाबू वारल्यावर काकूंनी मला सगळ्या पत्त्यांवर कार्डं टाकायला लावली, की आता यापुढे दुरुस्त्या निघणार नाहीत. तेव्हा सांत्वनाची दोन पत्रं आली आणि बाकी विचारणा, की मग आमच्या चुका कोण काढणार. एकानं कळवलं होतं की दुसऱ्या पानावर चूक आहे. मी दात-ओठ खात पान काढून पाहिलं. होती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या बरंच आधीचं, साक्षीचं.

तारेत एखादा शब्द चुकला तर घेणाऱ्याला कळत नाही, अशी ओरड फार वाढली. तेव्हा तारबाबूंनी तिसऱ्या आवृत्तीत तिसरा शब्द घातला. भावाच्या दोन आकड्यांची बेरीज करायची, हातचा सोडायचा, आणि जो आकडा उरेल त्याचा शब्द शेवटी जोडायचा. त्याला ते साक्षी म्हणत. भाव त्रेचाळीस, चार नि तीन सात, तर शेवटी सातचा शब्द. तार उलगडून बेरीज जुळली की तार खरी. लोकांना हे फार आवडलं. तक्रारी निम्म्यावर आल्या. दोन हंगाम तारबाबू खुशीत होते.

फाटकावर त्यांची एक पाटी टांगलेली असायची. तिच्यावर ते रोज एखादा आकडा तक्त्यातल्या शब्दांत लिहायचे आणि खाली ‘फोडून दाखवा’. किती वर्षं ती पाटी होती, कुणी फोडली नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांना व्हरांड्यातल्या थर्मामीटरचा पारा पाटीवर लिहायची लहर आली.

त्या दिवशी मी कचेरीतून सायकलनं घरी आले तेव्हा डांबर चाकाला चिकटत होतं. सकाळीच त्यांनी माझी स्टेन्सिल परत केली होती, एका अनुस्वारासाठी. फाटक उघडताना पाटीवर नजर गेली. शेवटचा शब्द होता सतरंजी. सतरंजी म्हणजे नऊ. नागपुरातला मे महिना, म्हणजे पारा चाळिशीत असणारच, पहिला आकडा चार. चाराला नऊ व्हायला पाच लागतात. मी सायकल टेकवली आणि म्हटलं, "आज पंचेचाळीस."

ते म्हणाले, थर्मामीटर पाहिला का?

मी म्हटलं, नाही, तुमची पाटी पाहिली.

त्यांना खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटर घरात नेऊन ठेवला आणि पाटी लिहिली. शेवटी शून्याचा शब्द होता. मी दारातूनच सांगितलं, सेहेचाळीस. किल्ली माहीत नको, काही नको. पहिल्या दोन शब्दांकडे मी पाहतही नव्हते.

मला वाटलं होतं ते हसतील. ते पाटीखालच्या पायरीवर बसले. मांडीवरची बोटं थांबली होती. बाजारात भाव तिशीत आहे की चाळिशीत हे हंगामात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वरचा आकडा माहीत असला की साक्षी उरलेला आकडा सांगून टाकतो. लोकांची तक्रार मिटवायला त्यांनी जी दुरुस्ती केली, तिनंच कुलपाला भोक पाडलं होतं. आणि ते मी, त्या पानाची स्टेन्सिल तीनदा कापणारीनं, दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

उपाय सोपा होता. साक्षी खऱ्या भावाचा काढण्याऐवजी तारेत जाणाऱ्या गुप्त आकड्यांचा काढायचा, म्हणजे तो काहीच सांगत नाही. मी म्हटलं, एवढी एक ओळ सगळ्यांना कळवू. हंगाम अजून लांब आहे, सगळे आपोआप नीट होतील. कारण सांगायची गरज नाही.

ते म्हणाले, कारण सांगावं लागते.

मी पुष्कळ समजावलं. लोक तुम्हालाच दोष देतील. तुमच्यावर जळणारे नाचतील. ज्यांचं काही बिघडलेलं नाही तेही भांडायला येतील. शेवटी मी म्हटलं, इतकी वर्षं फुकट राबलात, त्याचं हे फळ घेणार का?

"ज्याचा भाव फुटला असन," ते म्हणाले, "त्यानं कोणावर तरी आळ घेतला असन ना वं बाई. तो आळ माझा आहे."

सगळ्यांना टाकायच्या कार्डांचा मजकूर त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. तिसऱ्या आवृत्तीपासून तक्त्यात भोक आहे. ते मी पाडलं. या दोन हंगामांत तुमचा भाव बाहेर गेला असेल तर तुमच्या माणसाला दोष देऊ नका. साक्षी यापुढे अमुक प्रकारे काढा. किल्ली बदला. शेवटी त्यांनी लिहायला लावलं की हे भोक आमच्या भाडेकरू बाईंनी शोधलं, आणि पुढे माझं सबंध नाव. मी म्हटलं, माझी सरकारी नोकरी आहे, मला यात ओढू नका. ते म्हणाले, मग काय मी शोधलं म्हणून खोटं लिहू? आपलं नाव मला स्वतःच्या हातानं स्टेन्सिलवर कापावं लागलं.

मी म्हटलं होतं तसंच झालं. पंधरा दिवस लोक येत होते. अंगणात ओरडत होते. एक जण म्हणाला की हा म्हातारा पहिल्यापासून सगळ्यांच्या तारा वाचत असणार. काकू आत रडत. आई मला म्हणाली, खोली पाहा दुसरी. तारबाबू प्रत्येकाला सांगत, हो, चूक माझी, आणि लगेच नवा साक्षी कसा काढायचा ते समजावू लागत. कोणाला तेव्हा ते ऐकायचं नसे.

मग वरूडचे एक व्यापारी आले. पन्नाशीचे, धोतर, टोपी, हातात ते कार्ड घडी करकरून मऊ झालेलं. ते ओरडले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले, हे खरं आहे का तेवढं सांगा.

त्यांचा धाकटा भाऊ दिल्लीच्या सब्जीमंडीत होता. तो भावाची तार करायचा, हे इकडून संत्र्यांचा रेल्वेचा डबा भरायचा की नाही ते ठरवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात तार हातात पडते न पडते तोच भाव सगळ्या वरूडला ठाऊक असायचा आणि दुसरे लोक यांच्या आधी बागांचे सौदे करून बसायचे. किल्ली दोघांतच होती. म्हणजे फोडणारा कोण?

"म्या म्हटलं, त्यानंच विकला मले," ते म्हणाले. "बोलणं सोडलं. मागच्या साली माय गेली. तेरवीलेही नाही बोलावलं त्याले."

काकूंनी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. तारबाबूंनी फक्त भावाच्या दुकानाचा पत्ता विचारला. वरूडकर म्हणाले, मी कोणत्या तोंडानं जाऊ? तारबाबू म्हणाले, तुम्ही नका जाऊ. चूक तुमची नाही.

नागपूरच्या बाहेर फारसा न गेलेला हा माणूस ऐन जूनच्या तोंडाशी दिल्लीच्या गाडीत बसला. काकूंनी दशम्या बांधून दिल्या आणि वर मला सांगितलं की हे सगळं तुझ्या त्या पंचेचाळीसमुळे.

पाच दिवसांनी ते उन्हानं काळवंडून परत आले. आम्ही तिघी त्यांच्याभोवती बसलो. काय झालं? तर दुकान सापडलं. गिऱ्हाइकी चालू होती. हे म्हणाले, मी तारबाबू, तक्ता माझा, भाव माझ्यामुळे फुटला, तुमच्या भावानं तुमच्यावर आळ घेतला तो माझ्यामुळे. धाकट्यानं तराजू खाली ठेवला नाही. मालाचं वजन होईपर्यंत ऐकत राहिला. मग विचारलं, दादानं पाठवलं? हे म्हणाले, नाही, मीच आलो. त्यानं विचारलं, माय कोणत्या दिवशी गेली? गेल्याचं त्याला बाजारात कळलं होतं, दिवस कोणी सांगितला नव्हता.

"मग तुम्ही काय सांगितलं?" आईनं विचारलं.

तारबाबूंना तो दिवस माहीतच नव्हता. निघताना विचारावं हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मग इतक्या लांब जाऊन केलं काय? ते उत्साहानं म्हणाले, संत्र्याच्या पेटीवर खडूनं लिहून नवा साक्षी समजावला. तीन वेळा. त्याले समजला.

त्या दिवशी मी आईला म्हटलं की खोली खरंच पाहू या. पाहिली नाही, ते वेगळं.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. एका रविवारी, मी चौथ्या आवृत्तीची स्टेन्सिल कापत असताना, वरूडकर सकाळच्या बसनं आले. हातात तार होती. दिल्लीहून आलेली. तीन शब्द, बाकी काही नाही. खाली ना खुशाली, ना नाव. ते म्हणाले की मी घरी उलगडून पाहिली, पण माझा माझ्यावर भरवसा नाही, तुमच्यासमोर करतो.

तारबाबूंनी त्यांना पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः पाठ फिरवून बसले, किल्ली दिसू नये म्हणून. वरूडकरांनी बोटांवर अक्षरं मोजली, आकडे मांडले, वजाबाकी केली. पुसून पुन्हा केली. दोन्ही वेळा त्रेचाळीस आले. मी तारेतल्या शब्दांची बेरीज करून साक्षी पाहिला, तो जुळत होता. दिल्लीत आज पेटीला त्रेचाळीस रुपये भाव होता. धाकट्या भावानं मोठ्याला एवढंच कळवलं होतं, दोन वर्षांपूर्वी रोज कळवायचा तसं.

वरूडकरांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. काकू दारात आल्या होत्या, त्या आत वळल्या. मी टाइपरायटरच्या पट्टीकडे पाहत बसले.

तेवढ्यात तारबाबू गर्रकन फिरले. "थांबा. तुमचं तर बोलणं नाही. मग किल्ली कोणती लावली?"

"जुनीच," वरूडकर टोपीआडून म्हणाले. "मायच्या तोंडचं एक वाक्य होतं. तेच लावून पाह्यलं, तर उघडली."

"जुनी?" तारबाबूंचा आवाज चढला. "कार्डावर लिहून पाठवलं ना मी, किल्ली बदला म्हणून? त्याले दिल्लीत जाऊन सांगितलं. तरी तो जुन्याच किल्लीनं तार करून राहिला? काहून?"

मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात स्टेन्सिलची फ्रेम घालावीशी वाटली. मी काका, काका म्हणत होते, पण ते ऐकत नव्हते.

वरूडकरांनी टोपी खाली घेतली. डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. "दुसरी कोणती सांगितली असती त्यानं मले? आम्ही बोलत कुठं होतो?"

तारबाबू तारेच्या कागदावर वाकले. मांडीवरची बोटं थोडी वाजली, थांबली. 

"नवी किल्ली तारेनं सांगता येत नाही," ते अखेरीस म्हणाले. "पत्रानंही नाही. समोरासमोर बसूनच ठरवा लागते."

ते हे कळून म्हणाले की नुसता नियम सांगत होते, हे मला पुढे कितीदा विचारूनही समजलं नाही. विचारलं की ते नियमच समजावू लागायचे.

वरूडकर उठले. त्यांनी तार बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, काकूंना हात जोडले आणि मला विचारलं की दिल्लीची गाडी किती वाजता आहे. मी सांगितलं, दुपारी. त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. काकूंनी थांबा म्हणून आतून भाकरी बांधून आणली, तोवर ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा होते. वरूडच्या बसचा थांबा डावीकडे होता. ते उजवीकडे, स्टेशनाच्या रस्त्याला लागले. ती शिदोरी घेऊन मलाच सायकलवरून त्यांच्यामागे जावं लागलं.